उरलेल्यांचा वेळ

ही घटना खरी आहे. ती पटवून देण्यासाठी माझ्याजवळ काहीही नाही. ज्याच्या बाबतीत ती घडली, तो तर आज हसून सांगेल की असे काही झालेच नव्हते.

अशा गोष्टी रात्री घडतात, असा सर्वांचा समज असतो. आमच्याकडे जे घडले ते भर दुपारी घडले. तिसऱ्या मजल्यावरच्या, उन्हाने काठोकाठ भरलेल्या एका फ्लॅटमध्ये. वरच्या घरात कोणी तरी टेबल सरकवत होते. खाली कोणी तरी गाडी धूत होते. जग टक्क जागे होते...

आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा भाऊ थांबला.

थांबला म्हणजे नेमके काय झाले, ते सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

वडील गेल्यापासून घरात आम्ही तिघे. आई, मी आणि धाकटा भाऊ. तो दाराच्या चौकटीला डोके टेकेल एवढा वाढला, तरी घरातले त्याचे नाव बारक्याच राहिले. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळची पाळी संपवून दुपारी घरी परतते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, तो भिंगाखाली धरायचा आणि जे दिसेल तेवढेच लिहायचे, हा माझा पेशा. न दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवण्याची मला सवय नव्हती.

बारक्या ऑनलाइन खेळायचा. पाच जणांचा त्यांचा संघ, समोर पाच जण. बंदुका, भिंती आणि कोपरे. त्याच्या संघातल्या कोणालाही आम्ही कधी पाहिले नव्हते. कप्तानाचा आवाज मात्र घरातल्या माणसासारखा ओळखीचा झाला होता. त्या वर्षी संघ पात्रता फेरीपर्यंत पोहोचला. ती जिंकली तर एक क्लब त्यांना करारावर घेणार होता. कॉलेज बारक्याने अर्ध्यावर सोडले होते. नोकरीत तो रमला नव्हता. आयुष्यात त्याला उत्तम येणारी ही एकच गोष्ट होती, आणि तिचे दार आता किलकिले झाले होते.

आणि त्याचा कॉम्प्युटर अडखळत होता.

पडद्यावर जे सलग दिसते ते सलग नसते, हे त्यानेच मला शिकवले. एका सेकंदात शेकडो चित्रे येतात आणि जातात. सगळी वेळेवर आली, की हालचाल पाण्यासारखी वाहते. एखादे मागे राहिले, की गचका बसतो. डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. पण तेवढ्यात समोरचा कोपऱ्याआडून येतो, गोळी घालतो आणि निघूनही जातो.

"मी मेलो नाही गं ताई," तो हेडफोन आपटून म्हणायचा, "मला मशीनने मारलं."

"मग घाल की दोन त्याला," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. "माझ्या हेडफोनवर कशाला राग?"

"तुझा कुठे आहे तो?"

"मी दिलेला आहे ना वाढदिवसाला! मग माझाच."

त्याने आधी स्वतःच उपाय केले. मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम बंद केले. अपडेट रोखले. ड्रायव्हर नव्याने टाकले. वायफाय सोडून भिंतीच्या कडेने थेट केबल ओढली. खेळातल्या सावल्या, धूर, गवत, पाण्यावरची चमक, सगळे कमीत कमीवर आणले. त्याच्या पडद्यावरचे जग दिवसेंदिवस उघडे पडत गेले. झाडे उभी होती, पण जमिनीला त्यांचा पत्ता नव्हता.

"किती बोडकं करून टाकलंस रे सगळं," मी म्हणाले.

"बघायला कोण बसलंय इथे, ताई? जिंकायचंय."

गचका मात्र राहिलाच.

शेवटी दुरुस्तीवाले काका आले. वस्तीतल्या बहुतेक कॉम्प्युटरांची नाडी त्यांच्या हातात होती.

"बघा हो काका," आई म्हणाली, "नाहीतर पोराचं लग्न ह्या पेटीशीच लावून द्यावं लागेल."

"लावा की, वहिनी. सून उलटून बोलणार नाही, एवढं तर नक्की."

काकांनी पेटी उघडली. पंख्यांतली धूळ ब्रशने काढली. प्रोसेसर गार ठेवणारी, वाळून पोपडा झालेली पेस्ट खरवडली आणि नवी लावली. मग खुर्ची ओढून त्यांनी बारक्याला पडद्यावरच्या एकेक गोष्टी दाखवल्या. हे बंद ठेव, ह्याला हात लावू नकोस. एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले.

"इथे प्रत्येक प्रोग्रामचा दर्जा ठरतो. खेळाचा दर्जा थोडा वाढव, हरकत नाही. पण हा सगळ्यात वरचा कधी द्यायचा नाही."

"का? त्यानेच तर पळेल ना?"

"पळेल. पण मशीनजवळ वाटायला असतं काय? वेळ. पंगतीत वाढतात तसं ती सगळ्यांना थोडा थोडा वाढत जाते. कीबोर्डला, माऊसला, आवाजाला. एकट्यालाच सगळं पातेलं दिलं, तर बाकीचे उपाशी राहतात. तू माऊस हलवशील नि तिला कळणारसुद्धा नाही."

बारक्याने मान डोलावली. लहानपणी तो अभ्यासाला बसतो म्हणताना डोलवायचा, अगदी तशी.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून आले, तेव्हा तो दारातच उभा होता. चेहरा उजळलेला.

"ताई, चप्पल नंतर काढ. आधी आत ये."

पडद्यावर तो धावत होता. वळत होता. भिंतीवरून उडी घेत होता. कुठेही खळ नाही, गाठ नाही. जणू कोणी रेशमाचा तागा सोडला होता आणि तो उलगडतच चालला होता.

"काका नको म्हणाले होते, तेच केलंस?"

"नुसतं तेच नाही. खेळाला सगळ्यात वर बसवलं आणि उरलेलं यच्चयावत सगळं सगळ्यात खाली. मशीन चालू झालं की आपोआप होईल, अशी सोय करून ठेवली."

संध्याकाळी काका भाजीच्या दुकानापाशी भेटले. मी त्यांना सांगितले. ते हसले.

"मग माऊस बंद पडला असेल. येतो उद्या."

"नाही काका. माऊस चालतोय. आवाज येतोय. सगळं सुरळीत आहे."

काकांचे हसू विरले.

"असं होत नाही," ते म्हणाले. "दिलेला वेळ कुठून तरी यावाच लागतो. मग हा येतोय कुठून?"

मी तो प्रश्न पिशवीत भाजीबरोबर घरी आणला आणि विसरून गेले.

त्यानंतरच्या एका दुपारी मी पलंगावर पडले होते. आतल्या खोलीत बारक्याचा सराव चालला होता. कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. फ्रिजची घरघर. नळाखालच्या बादलीत पडणारे थेंब...

आणि फ्रिज थांबला.

फ्रिज थांबतात. त्यात विशेष काही नाही. पण त्याच क्षणी थेंबही थांबले. वरच्या घरातली पावले थांबली. घरातून आवाज कोणी तरी मुठीने उपटून घेतला होता. त्या पोकळीत फक्त एक गोष्ट चालू होती...

कीबोर्डची टकटक.

मग सगळे परत आले. फ्रिज, थेंब, पावले. मी स्वतःशीच म्हणाले, डोळा लागला असेल.

पण ते वारंवार होऊ लागले. आई भांडी पुसताना गुणगुणते. तिची ओळ मधेच तुटायची आणि ज्या अक्षरावर तुटली, नेमकी त्याच अक्षरावर पुढे सुरू व्हायची. आईला काही पत्ता नसायचा.

"मधेच का थांबलीस गं?"

"कोण थांबलं? मला दम लागतो असं म्हणायचंय का तुला? म्हातारी झाले मी?"

थांबलेल्याला थांबल्याचे कळत नाही. मला का कळत होते, ते मला आजही माहीत नाही.

आणि मग ती दुपार आली.

सराव मधेच सोडून बारक्या जेवायला बाहेर आला होता. खेळ आत चालूच होता. तो कसल्याशा विजयाची गोष्ट सांगत होता, खुशीत, तोंडात घास घेऊन.

"आणि मग तो जिन्यावरून खाली उतरला, तर मी आधीच..."

त्याने पाण्याचा पेला उचलला.

आणि तसाच राहिला.

मला वाटले, नाटक करतो आहे. मी हसले. "पुरे रे." त्याने पापणी हलवली नाही. मी उठून जवळ गेले. छाती अर्ध्या श्वासावर थबकली होती. माझी नजर पेल्याकडे गेली. पेला कलता होता. त्यातले पाणी काठाकडे झुकलेले होते...

आणि ते खाली येत नव्हते.

तिरके पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. काचेसारखे, शांत, तिरके. त्याला सपाट होण्याइतकाही वेळ कोणी ठेवला नव्हता.

"...तिथे बसलो होतो!" बारक्या म्हणाला आणि पाणी प्यायला. "काय झालं? अशी का बघतेस?"

मी त्याला सांगितले. तो इतका हसला, की त्याला ठसका लागला.

त्या आठवड्यात मी फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. तो पुन्हा थांबला तेव्हा मी पूर्ण वेळ फोन त्याच्यासमोर धरून होते. नंतर पाहिले, तर व्हिडिओत तो कुठेच थांबलेला नव्हता. वाक्य सलग होते. मी उभी होते तो सगळा वेळच त्यात नव्हता.

मी आईला जवळ बसवून सगळे सांगितले. तिने डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला. रक्त तपासायला सांगितले. रक्त आमच्याच लॅबमध्ये आले आणि मी ते स्वतः भिंगाखाली धरले. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, सगळे जागच्या जागी. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवले, त्याचा थेंब माझ्यासमोर उघडा होता, आणि मला त्यात काहीही दिसत नव्हते.

"अगदी निरोगी आहे," डॉक्टर म्हणाले. "स्क्रीनसमोर कमी बसू द्या."

सामने मात्र तो जिंकत होता. असा खेळ त्याने कधी केला नव्हता, असे कप्तान म्हणायचा.

त्यातल्याच एका सामन्यात मी त्याच्या खोलीत गेले. तो खुर्चीत पाठमोरा होता. पडद्यावर धुमश्चक्री चालली होती. त्याचा माणूस वळत होता, नेम धरत होता, भिंतीमागे सरत होता. मी दोन पावले पुढे गेले...

बारक्याचा हात माऊसवर नव्हता.

दोन्ही हात मांडीवर होते. डोळे उघडे होते. श्वास थबकलेला होता. आणि तरीही खेळ चालला होता, अप्रतिम चालला होता.

मी त्याच्या एका कानावरचा हेडफोन अलगद काढला आणि माझ्या कानाला लावला.

आत बारक्या बोलत होता.

"डावीकडे दोघं आहेत... थांब, थांब, मला जाऊ दे आधी... हा घ्या! गेला!"

त्याचे ते हसणे. कप्तानाचे "वा, शेर!" आणि पुन्हा त्याचा आवाज, उत्साहाने भरलेला, अगदी जिवंत.

माझ्यासमोर बसलेल्या बारक्याचे ओठ मिटलेले होते.

"बारक्या..." माझ्या तोंडून निघाले.

हेडफोनमधला आवाज थबकला. एक श्वास ऐकू आला. मग तो अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाला,

"ताई, नंतर."

मी भिंतीवरचे बटण बंद केले.

पडदा काळा झाला. पंखे निवत गेले. खोलीत नुसते ऊन उरले. मी बारक्याचे खांदे धरले, गाल थोपटले. "झालं, संपलं. ऊठ आता."

तो उठला नाही.

आई धावत आली. त्याचे हात गरम होते. नुसते गरम. त्यापलीकडे त्याच्यात काहीही चालत नव्हते. आईने त्याचे डोके छातीशी धरले आणि ती त्याला हाका मारत राहिली. लहानपणच्या हाका. मी डॉक्टरांचा नंबर शोधत होते आणि मला नंबर दिसत नव्हता.

"ते चालू कर," आई एकाएकी म्हणाली.

"आई, त्यानेच तर..."

"चालू कर म्हणते ना!"

मी बटण चालू केले. कॉम्प्युटर जागा झाला. खेळ कोणीही न उघडता उघडला. आणि बारक्याने उरलेला अर्धा श्वास आत घेतला.

"काय गं आई, मिठी काय मारतेस! सामना चाललाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या बॅटरीचा बॅकअप बसवून घेतला. जे बंद करण्यासाठी जीव तुटत होता, तेच चुकून बंद पडू नये म्हणून.

बसवायला काकाच आले होते. बारक्या अंघोळीला गेल्यावर मी त्यांना म्हणाले, "काका, तुमच्या पाया पडते. ह्याला पूर्वीसारखं करून द्या. अडखळत होतं तसं."

असली मागणी त्यांच्याकडे कोणी केली नसेल. पण ते हसले नाहीत. त्यांनी बारक्याने केलेली सोय शोधली. ती कुठेच नव्हती. सगळ्यात वरचा दर्जा कोणालाच दिलेला नव्हता. मग त्यांनी बंद केलेले सगळे पुन्हा सुरू केले. सावल्या आणल्या, धूर आणला, गवत आणले. चार-चार जड प्रोग्राम मागे चालवले. मशीनला दम लागावा म्हणून जे जे करता येईल ते केले.

खेळ रेशमासारखा सरकत राहिला.

काकांनी हात पुसले.

"अडखळ काढायचं माझं काम, बाई," ते म्हणाले. "काढलेली परत घालता येत नाही मला."

जाताना ते दाराबाहेर घुटमळले. "त्याला एकटं सोडू नका," एवढे म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी बारक्या माझ्या खोलीत आला. पलंगाच्या कडेवर बसला. बरीच वर्षे तो असा बसला नव्हता.

"ताई, एक विचारू? हसू नकोस."

"विचार."

"सगळे म्हणतात मी कमाल खेळतोय. पण मला... म्हणजे... मला सुरुवात आठवते, शेवट आठवतो. मधलं काहीच आठवत नाही." तो नखाशी चाळा करत होता. "मीच खेळतोय ना गं?"

मी त्याचा हात धरला. तो कोरडा आणि माझ्या हातापेक्षा किती तरी मोठा होता.

"उद्या खेळू नकोस," मी म्हणाले.

"एवढा एकच. जिंकलो की बघ, मग सगळं नीट होईल. नवं मशीन देणारेत ते. मग हे टाकून देऊ."

"बारक्या..."

"नको ना आता रडूस. तू रडलीस की मला लहान झाल्यासारखं वाटतं."

तो माझ्याशी शेवटचे बोलला ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. जेवणाची वेळ झाली तेव्हा सामना शेवटाला आला होता. हेडफोनची वायर आईनेच काढून टाकली होती. आवाज घरभर ऐकू यावा, आपल्याला कळावे काय चालले आहे, म्हणून. मधल्या विश्रांतीत बारक्या बाहेर आला, हात धुतले, टेबलाशी बसला. "पटकन काहीतरी दे गं आई," म्हणाला आणि ताटाकडे हात नेला...

हात ताटावर तरंगत राहिला.

आई स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिला टेबल दिसत नव्हते. मी दोन्हींच्या मध्ये, दारात होते. आतल्या खोलीत विश्रांती संपली. गोळ्यांचे आवाज सुरू झाले. त्यांच्यातून त्याचा आवाज येत होता, सूचना देत, खिदळत, ओरडत. टेबलाशी तो बसलेला. खोलीत तो बोलणारा.

मग एकदम जल्लोष. कप्तान किंचाळत होता. सगळे किंचाळत होते. आणि त्या गलक्यातून, लाडात आलेल्या मुलासारखी, हाक आली...

"आई! जिंकलो! येऊ का जेवायला?"

मला कळले. हाक मारणारा बारक्या नव्हता, आणि त्याला फक्त कोणी तरी 'ये' म्हणायला हवे होते. मी तोंड उघडले. पण घर पुन्हा थांबले होते. थेंब थांबले होते. फ्रिज थांबला होता. माझी जीभ टाळूला होती आणि ती तिथेच होती. आजवर मी नेहमी बाहेरून पाहिले होते. त्या वेळी पहिल्यांदा मी आत होते.

चालू होती फक्त आई.

"ये रे माझ्या राजा," ती मागे वळून न पाहताच म्हणाली. तिचा स्वर आनंदाने भिजला होता. "ताट कधीचं वाढलंय. ये!"

टेबलाशी बसलेल्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिले. घास उचलला आणि तोंडात घातला.

खोलीतला आवाज बंद झाला होता.

त्या दिवसापासून बारक्या एकदाही थांबलेला नाही.

आई सर्वांना सांगते, बरा झाला. कॉम्प्युटर त्याने स्वतः बंद केला. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या होतो. त्याने वायर काढली, सुबक गुंडाळी केली आणि पेटीवर कापड टाकले. क्लबला त्याने नकार कळवला. "कंटाळा आला," म्हणाला. आता तो नोकरी करतो. वेळेवर जातो, वेळेवर येतो. आईचे पाय चेपतो. कपडे वाळले की घड्या घालतो.

तक्रार करावी असे त्याच्यात काहीही नाही.

पण बारक्या बोलताना अडायचा. "म्हणजे", "हे आपलं", "काय बरं ते" असे म्हणत तो शब्द शोधायचा. हा शोधत नाही. मी विचारते आणि माझा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर आलेले असते. त्याला काहीही आठवावे लागत नाही. शाळेतल्या बाईंचे नाव विचारले, सांगितले. वडिलांच्या शर्टाचा रंग विचारला, सांगितला. सगळे बरोबर होते. इतके बरोबर, इतके गुळगुळीत, की त्याला बोट कुठे टेकवावे ते कळत नाही.

आईला मी काय सांगू? तिने एका हाकेला ओ दिली. कोणतीही आई देईल.

मागच्या रविवारी दुपारी कप्तानाचा फोन आला. बारक्याचा नंबर बदलला आहे, म्हणून माझ्या फोनवर.

"ताई, तो आमच्यावर रागावलाय का?"

"नाही रे. त्याने खेळणं सोडलंय, एवढंच."

"सोडलं कुठे? रोज असतो की."

मी फोन कानाशी घट्ट दाबला. समोर कापडाखाली पेटी होती. वायर तिच्यावर गुंडाळून ठेवलेली होती.

"आत्तापण आहे बघा," कप्तान म्हणाला. "सुरुवातीच्या जागेवर उभा असतो. खेळत नाही. एक पाऊल पुढे टाकतो, परत मागे ओढला जातो. फार अडकतं हो त्याचं मशीन. इतकं अडकताना मी कुणाचं पाहिलं नाही."

"काही... काही बोलतो का?"

"माईक चालू असतो. पण कळत नाही काही. बोलायला सुरुवात करतो नि तुटतं. परत तिथूनच. 'ता'... 'ता'... असं काहीतरी. आम्हाला वाटलं माईक गेलाय."

मी पेटीवरच्या कापडावर तळहात ठेवला; खाली सगळे गार होते.

"तर ताई, विचारायचं असं होतं, त्याच्या जागी नवीन मुलगा घ्यायचाय. आमची खेळातली खाती आता क्लबकडे आहेत. त्याचं मिटवू का म्हणून विचारतायत. एकदा मिटवलं की परत येत नाही. तुम्ही त्याला विचारून सांगाल?"

"सांगते," मी म्हणाले. "मला विचारल्याशिवाय काही करू नका." आणि फोन ठेवला.

वळले, तर तो दारात होता. हातात आईच्या साडीची अर्धी घडी. फोनचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. मी त्याला काहीही सांगितले नव्हते.

त्याने साडीची टोके जुळवली. घडीवरून हळुवार हात फिरवला.

"मिटवून टाका म्हणावं, ताई," तो प्रेमाने म्हणाला. "उगाच जागा अडवून बसलाय."

कप्तान रोज विचारतो. मी रोज सांगते, उद्या कळवते.